बायफोकलचे २०० मार्क आणि ४८ तासांचा आठवडा

मुंबईत सायन्समधून बारावी केलेल्या कुणाचीही जुनी मार्कशीट मागून बघा. बरेचदा त्यात दुसरी भाषा दिसणार नाही, बायोलॉजी दिसणार नाही. त्यांच्या जागी एकच विषय असेल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स, २०० मार्कांचा. यालाच आपण बायफोकल म्हणतो. माझ्याही मार्कशीटवर आहे. सरकारी कागदावर मात्र त्याचं नाव एकदम भारदस्त: द्विलक्षी अभ्यासक्रम. म्हणजे दोन लक्ष्यं. एक नजर पुढच्या शिक्षणावर, दुसरी हातातल्या कामावर.

अंधेरी-बोरिवली असो की घाटकोपर-मुलुंड, ॲडमिशनच्या दिवसांत "बायफोकल मिळालं का रे?" हा प्रश्न ठरलेला. आणि त्याचा खरा अर्थ काय? मार्क वाढायची सोय झाली का. बस. कामावरची ती दुसरी नजर गेली कुठे, त्याचा आजचा हा भाग.

सुरुवात थोडी लांबून करूया, कारण कायदा जुना आहे. १८५० साली कंपनी सरकारने भारतात पहिला अप्रेंटिस कायदा केला. तो कुणासाठी होता? अनाथ मुलांसाठी आणि धर्मादाय पैशावर वाढणाऱ्या गरीब मुलांसाठी. वय १० ते १८. मुलाला एखाद्या कारागिराकडे किंवा धंद्यात जास्तीत जास्त सात वर्षांसाठी बांधून द्यायचं, असा करार. आणि हा कायदा रद्द कधी झाला माहितीये? १९६१ चा नवा अप्रेंटिस कायदा आला तेव्हा. त्याच्या शेवटच्या कलमात जुना कायदा रद्द केलाय. म्हणजे स्वतंत्र भारतातसुद्धा चौदा वर्षं, "मुलाने धंदा शिकणे" या गोष्टीचा कायदेशीर पत्ता अनाथाश्रमाचाच होता. "शिकत नाही ना, मग लाव कामाला" हे वाक्य घराघरात का मुरलंय, त्याचं एक मूळ मला इथे दिसतं.

मधल्या काळात १८८७ ला व्हीजेटीआय आलं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या नावाने. आधी भायखळ्यात, मग १९२३ पासून माटुंग्यात. तिथे गिरण्यांसाठी कापडाचं आणि मशिनचं शिक्षण होतं. पण ती वेगळी वाट. शाळा आणि कारखाना एकत्र बांधायचा प्रश्न अजून कुणी हातात घेतला नव्हता.

आता येऊया १९६१ वर. हा कायदा खरंच महत्त्वाचा आहे. त्याने कारखान्यांवर बंधन घातलं की ठरलेल्या प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यायचेच, त्यांना स्टायपेंड द्यायचा आणि शिकवायचं. उपनगरांसाठी वेळही जुळून आली. विक्रोळीत गोदरेज, पवईत लार्सन अँड टुब्रो, कांदिवलीत महिंद्रा, कांजूरमार्गला क्रॉम्प्टन, कुर्ल्याला प्रीमियर. एलबीएस मार्ग म्हणजे कारखान्यांची माळच. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वायरमन ही नावं तिथल्या चाळींमध्ये आडनावासारखी चालायची.

पण याच कायद्यात एक वाक्य आहे: अप्रेंटिस हा शिकाऊ आहे, कामगार नाही. त्यामुळे कामगार कायदे त्याला सरसकट लागू नाहीत. आणि मुदत संपल्यावर नोकरी द्यायचं बंधन मालकावर नाही. घाटकोपरच्या एखाद्या घरात वडील विचारणार, "दोन वर्षं तिथे घासून पुढे काय?" तर या प्रश्नाला कायद्याचं उत्तर होतं: सर्टिफिकेट.

मग कोठारी आयोग. दौलतसिंह कोठारी, १९६४ ते ६६. या आयोगाने म्हटलं की दहावीच्या पुढे शिकणाऱ्यांपैकी साधारण ५० टक्के मुलं वीस वर्षांत व्यवसाय शिक्षणाकडे असायला हवीत. दहा अधिक दोन अधिक तीन हा पॅटर्न याच विचारातून पक्का झाला. महाराष्ट्रात दहावीची पहिली बोर्ड परीक्षा झाली १९७५ ला. आता लक्षात घ्या, मधली ही दोन वर्षं, अकरावी-बारावी, नुसती कॉलेजची पायरी म्हणून आखलेली नव्हती. कल्पना अशी होती की इथून बरीचशी मुलं थेट कामाला जातील, तीही काहीतरी येत असलेली. आज क्लासवाल्यांनी याच दोन वर्षांचं जे केलंय ते बघून हे खरं वाटत नाही.

साधारण १९७८ च्या सुमारास महाराष्ट्राने द्विलक्षी अभ्यासक्रम सुरू केले. योजना चांगली होती, अगदी मनापासून सांगतो. सायन्सचा विद्यार्थी फिजिक्स-मॅथ्स सोडत नाही, फक्त एक भाषा आणि एक विषय सोडून २०० मार्कांचं काम शिकतो. यादीत इलेक्ट्रिकल मेंटेनन्स होतं, स्कूटर-मोटरसायकल सर्व्हिसिंग होतं, मत्स्यव्यवसाय आणि दुग्धव्यवसायही होते. अंधेरीला सीप्झ १९७३ लाच उभं राहिलं होतं, इलेक्ट्रॉनिक्स निर्यातीसाठी. म्हणजे कॉलेजच्या लॅबमध्ये सोल्डरिंग शिकणाऱ्या मुलाला ते काम जिथे चालतं ती जागा बसच्या अंतरावर होती.

झालं काय, तर या २०० मार्कांत प्रॅक्टिकल भरपूर, त्यामुळे मार्क हातात. आणि इंजिनिअरिंग डिग्रीच्या पात्रतेत फिजिक्स-मॅथ्सबरोबर तिसरा विषय म्हणून केमिस्ट्री किंवा बायोलॉजीच्या जोडीला तांत्रिक व्यावसायिक विषयही चालायचा. मग हुशार मुलांनी हिशोब केला. त्यात चूक काहीच नाही, आम्हीही केला. आमच्या बॅचमधून बायफोकलच्या जोरावर रिपेअरिंगचं दुकान टाकलेला मला तरी कुणी आठवत नाही. जागा कॉलेजमध्येही मोजक्या, म्हणून कटऑफ वर. जे कौशल्य कामाला जाणाऱ्या मुलासाठी आणलं होतं, त्याच्या दारात टक्केवारीचा वॉचमन उभा राहिला.

मग कामाला जाणाऱ्या मुलासाठी वेगळा दरवाजा काढला. १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने लक्ष्य ठेवलं की उच्च माध्यमिकची १० टक्के मुलं १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय शिक्षणात असावीत. (१९९२ ला दोन्ही तारखा पाच-पाच वर्षं पुढे ढकलल्या. स्प्रिंट स्लिप झाल्यावर आपण जिरामध्ये करतो तेच.) १९८८-८९ पासून महाराष्ट्रात आलं एमसीव्हीसी, म्हणजे किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम. ॲडमिशनच्या यादीत पुढे एचएसव्हीसी म्हणून दिसायचं ते हेच. यात भाषा, एक जनरल फाउंडेशन कोर्स आणि बाकी सगळा व्यवसाय: ऑटोमोबाइल, इलेक्ट्रिकल, मेडिकल लॅब टेक्निशियन, मार्केटिंग वगैरे.

आणि इथे एक गोष्ट फार नेमकी केली होती, जिचं श्रेय कुणी देत नाही. १९८६ लाच अप्रेंटिस कायदा बदलला आणि बारावी व्यावसायिक झालेल्या मुलांसाठी शिकाऊ उमेदवारांचा स्वतंत्र वर्ग केला, टेक्निशियन (व्होकेशनल). म्हणजे बारावी झाली की एक वर्ष कारखान्यात किंवा हॉस्पिटलात, स्टायपेंडसकट, आणि निम्मा स्टायपेंड केंद्र सरकार देणार. पश्चिम भारतासाठी हे सांभाळणारं ऑफिस आपल्या सायनलाच आहे, सायन-ट्रॉम्बे रोडवर: बोर्ड ऑफ अप्रेंटिसशिप ट्रेनिंग.

शाळा, मग काम, मग प्रमाणपत्र. साखळी पूर्ण. तरी ती चालली नाही, किंवा चालली तरी फार थोड्यांसाठी. मुंबई विभागाच्या अकरावी प्रवेशात कॉमर्सच्या जागा लाखाच्या वर असायच्या, एचएसव्हीसीच्या काही हजार. का?

एक कारण तुम्हाला एलबीएस मार्गावरून रिक्षाने जाताना दिसेल. एमसीव्हीसी आलं आणि पुढच्या दशका-दीड दशकात उपनगरातले कारखाने हलले किंवा बंद पडले. कुर्ल्याला जिथे प्रीमियर पद्मिनी बनायची त्या जमिनीवर आज कोहिनूर सिटी आहे. कांजूरमार्गच्या क्रॉम्प्टन कंपाउंडमध्ये टॉवर आहेत. शिकाऊ तयार, आणि शिकवणारं शॉप फ्लोअर गेलं ठाणे, पुणे, नाशिकच्या पलीकडे. जागा निघत होत्या त्या मॉल, कुरिअर, हॉस्पिटल, ऑफिसात. पण २०१४ पर्यंत कायद्याने ठरवलेल्या ट्रेडच्या यादीबाहेर मालकाला स्वतःचा ट्रेड आखताच येत नव्हता. ती मोकळीक 'ऑप्शनल ट्रेड' म्हणून २०१४ च्या दुरुस्तीत आली. त्याच सुमारास टेक्निशियन (व्होकेशनल) चा स्टायपेंड होता महिना २७५८ रुपये. मुलुंडहून अंधेरीला रोज जाऊन-येऊन, बाहेर जेवून, त्यातून घरी काय पोहोचणार ते तुम्हीच बघा. २०१९ ला तो ७००० झाला.

दुसरं कारण मला जास्त मुळातलं वाटतं. ते म्हणजे वेळापत्रक. अप्रेंटिसशिपच्या नियमांत आठवडा ४२ ते ४८ तासांचा. ज्युनियर कॉलेजला हाजिरी ७५ टक्के. दोन्ही एकाच वेळी करायला सोळा वर्षांच्या मुलाकडे दोन शरीरं हवीत. जर्मनीत १९६९ च्या कायद्याने पक्की झालेली पद्धत नेमकी इथे वेगळी आहे: तीन-चार दिवस कंपनीत, एक-दोन दिवस व्यवसाय शाळेत, दोन्ही एकाच आठवड्यात. (तिथे मुलांची वाटणी दहाव्या वर्षाच्या आसपासच सुरू होते, हेही सांगायला हवं. ते मला आपल्याकडे नको.) आपण "एकत्र" म्हणालो आणि केलं "आधी हे, मग ते". बारावीनंतरचं एक वर्ष कमी पैशात काढणं ज्याला परवडतं त्याच्यासाठीच ती साखळी होती. ज्याला घरी पैसे आत्ता द्यायचेत तो अकरावीतच गळतो.

तरीसुद्धा मुंबईच्या मुलांनी दोन्ही एकत्र केलंच. कसं? सतरा नंबरचा फॉर्म. बाहेरून परीक्षा. सायन्स नाही मिळत, आर्ट्स-कॉमर्स मिळतं. दिवसा शिफ्ट आणि रात्री अभ्यास. काहींनी रात्रीचं ज्युनियर कॉलेज पकडलं. मुंबईत रात्रशाळांची परंपरा मोठी आहे, गिरणीच्या काळापासूनची. बोरिवली किंवा मुलुंडच्या आयटीआयमधून फिटर झालेला, कंपनीत अप्रेंटिस असलेला आणि मार्चमध्ये बोर्डाचा पेपर देणारा मुलगा ही आपल्याकडची खरी 'ड्युअल सिस्टिम'. तिला जीआर नव्हता, स्टायपेंडमध्ये वाढ नव्हती, आणि परीक्षेसाठी सुट्टी मिळणं सुपरवायझरच्या मूडवर.

आता थोडं बदललंय. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय कोर्स केलेल्याला बोर्डाचे भाषा विषय देऊन बारावीची समकक्षता घेता येते. आयटीआय किंवा बारावी व्होकेशनल केलं तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात जाता येतं. म्हणजे कामाकडून शिक्षणाकडे परत यायची वाट उघडली. १९६१ च्या फिटरला ती नव्हती. तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणी दहावीत असेल आणि घरी "आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं" असं चाललं असेल, तर ही दोन वाक्यं त्याच्या आईबाबांना फॉरवर्ड करा.

आणि २०२० च्या नव्या शिक्षण धोरणात लक्ष्य काय ठेवलंय? २०२५ पर्यंत किमान ५० टक्के विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव. कोठारींचाच आकडा, ५४ वर्षांनी. फक्त तेव्हा शब्द "शिक्षण" होता, आता "अनुभव" आहे. २०२५ गेलं. अकरावीचं टाइमटेबल बघितलंत तर त्यात कारखान्याचा दिवस अजून नाही.

तुमच्या घरात किंवा नात्यात कुणी सत्तर-ऐंशीच्या दशकात उपनगरातल्या एखाद्या कंपनीत अप्रेंटिस असेल, तर त्यांचा दोन मिनिटांचा व्हॉइस नोट पाठवा. दिवसाला किती मिळायचे, बारावी केली का, केली तर कशी. पुढच्या भागात त्यातले काही ऐकवतो. भेटूया.