अमिरातींत मोबाइल कॅमेरा वापरताना

संयुक्त अरब अमिरातींत संमतीवाचून दुसऱ्याचे छायाचित्र वा चित्रफीत घेणे थेट तुरुंगापर्यंत नेऊ शकते. अफवा व सायबर गुन्ह्यांविरुद्धचा २०२१ चा ३४ क्रमांकाचा संघीय कायदा २ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. खासगीपणाचा भंग करण्याच्या हेतूने केलेल्या चित्रणासाठी त्याच्या कलम ४४ मध्ये किमान सहा महिने कैद, दीड ते पाच लाख दिरहॅम दंड किंवा दोन्हींची तरतूद आहे. जागा सार्वजनिक होती, हा बचाव पुरत नाही. असे चित्र इतरांना पाठवणे, इतकेच काय, जवळ बाळगणेही याच कलमात मोडते.

रस्त्यावरचा अपघात टिपून तो व्हॉट्सॲपवरील कुटुंबाच्या गटात टाकण्याची सवय अनेकांनी भारतातून सोबत आणलेली असते. येथे नेमकी तीच महागात पडू शकते; जखमी, मृत वा आपद्‌ग्रस्तांच्या परवानगीशिवाय केलेल्या चित्रणाचा आणि प्रसाराचा कलमात स्वतंत्र उल्लेख आहे. हेतू वाईट नव्हता हे खरे असले, तरी ते पटवून देण्याची वेळ तक्रार झाल्यानंतरच येते. समुद्रकिनारी आपल्याच मुलांचे छायाचित्र घेताना मागे अनोळखी कुटुंब दिसत असेल, तर दोन पावले सरकून कोन बदललेला बरा. कोणी हरकत घेतलीच, तर हुज्जत न घालता चित्र त्याच्यासमोर पुसून टाकावे.