परत येणारा डबा, न परतणारे खोके

१/१५
मोबाइलच्या पडद्यावर डोसा कुरकुरीत आणि सोनेरी दिसतो. दाराशी येईपर्यंत तो मऊ पडलेला असतो. बिर्याणी गार झालेली, रस्सा पिशवीत सांडलेला, आणि ज्या पदार्थासाठी एवढी मागणी नोंदवली तोच नेमका गहाळ. अशा जेवणाची तक्रार आज शहरांत नित्याची झाली आहे. मात्र वाईट जेवणाची तक्रार कुणापाशी करायची, हा प्रश्न मोबाइलपेक्षा पुष्कळ जुना आहे. मुंबईने दीडशे वर्षांत त्याला निरनिराळी उत्तरे दिली. त्या उत्तरांचा हा इतिहास.

२/१५
१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याकडे पहिली प्रवासी आगगाडी सुटली. पुढच्याच वर्षी कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची कंपनी स्थापन केली. रेल्वेने घर कचेरीपासून लांब नेले आणि गिरणीने माणूस गावापासून लांब आणला. चूल एकीकडे राहिली, ताट दुसरीकडे गेले. त्यातच, कुणाच्या हातचे खावे आणि कुणाच्या पंक्तीला बसावे याचे जातिधर्माचे दंडक कडक होते. बाहेर मिळेल ते खाण्याची मोकळीक फार थोड्यांना होती. घरचे अन्न कामाच्या जागी पोचवण्याची गरज अशी निर्माण झाली.

३/१५
डबेवाल्यांच्या परंपरेनुसार ही गरज १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी ओळखली आणि सुमारे शंभर माणसे जमवून डबे पोचवण्याचा व्यवसाय उभा केला. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतली शेतकरी कुटुंबांतली माणसे या कामात आली. पुढे १९५६ मध्ये त्यांच्या संस्थेची नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स ट्रस्ट म्हणून नोंदणी झाली. भरभराटीच्या काळात सुमारे पाच हजार डबेवाले रोज दोन लाखांच्या आसपास डबे हलवत. डबेवाला स्वतः काहीच शिजवत नसे. त्याच्याकडे विकायला होता तो फक्त भरवसा.

४/१५
सकाळी घरोघरचे डबे गोळा होत, जवळच्या स्थानकावर त्यांची वाटणी होई, लोकलच्या मालडब्यातून ते दक्षिण मुंबईत पोचत, तिथे पुन्हा वाटणी होऊन दुपारी साडेबारा-एकच्या सुमारास जेवणाऱ्याच्या हाती पडत. वाटेत डबा अनेक हातांतून जाई, आणि त्याची वाट दाखवत झाकणावर रंगवलेली अक्षरे, आकडे आणि खुणा. क्वचित डबा चुकेही. रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या चित्रपटाची कथाच एका चुकलेल्या डब्यावर उभी आहे. मात्र ती चूक कथेचा विषय होऊ शकली, कारण एरवी डबा चुकत नाही अशी या शहराची पक्की समजूत होती.

५/१५
या व्यवस्थेतला महत्त्वाचा भाग दुपारनंतर सुरू होई. रिकामा डबा त्याच साखळीने उलटा घरी येई. झाकण उघडले की स्वयंपाक करणाऱ्या बाईला सारे कळे. भाजी अर्धी उरली, म्हणजे मीठ जास्त झाले असावे. पोळ्या तशाच परतल्या, म्हणजे माणसाचे काहीतरी बिनसले आहे. डबा चाटूनपुसून आला, तर उद्या थोडे अधिक भरायला हवे. परतलेला डबा म्हणजे एक न लिहिलेले पत्र होते. शिजवणारी आणि खाणारा यांच्यात मैलांचे अंतर असूनही तक्रार त्याच संध्याकाळी योग्य ठिकाणी पोचत असे.

६/१५
डब्यातले पदार्थही प्रवासाचा विचार करून ठरत. पोळी-भाजी, घट्ट उसळ, वरण-भात, कोशिंबीर, लोणचे हे सारे तीन-चार तास टिकते आणि कोमट खाल्ले तरी जिभेला खटकत नाही. उलट, डोसा किंवा भजी ही तव्यावरून आणि कढईतून थेट ताटात येण्यासाठीच असतात. गरम पदार्थ बंद खोक्यात भरला की त्याची वाफ झाकणाला लागते, तिचे पाणी होते आणि ते पाणी पदार्थाचा कुरकुरीतपणा घेऊन जाते. आजच्या अनेक फसलेल्या जेवणांचे मूळ इथे सापडते. ताटासाठी केलेला पदार्थ डब्याच्या वाटेने पाठवला जातो.

७/१५
ज्यांचे घर मुंबईत नव्हतेच, त्यांना डबा कुठला? कोकणातून आणि देशावरून आलेले हजारो गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि खाणावळीत जेवत. गिरणगावातल्या पुष्कळ खाणावळी बायका आपल्याच खोलीत चालवत. पैसे महिन्याच्या पगारावर, म्हणजे तोवरचे सारे जेवण उधारीवर. इथे तक्रारीला पत्ता शोधावा लागत नसे. आमटी पातळ झाली, तर ती करणारी बाई समोरच वाढायला उभी असे. तिलाही उत्तर देता येई: वाण्याचे थकले आहेत, मागच्या महिन्याचे पैसे अजून आलेले नाहीत.

८/१५
हे उत्तर खरे असे. पगार उशिरा झाला किंवा संप लांबला की खाणावळवालीच्या डोक्यावर कर्ज चढे, आणि सावकाराचे व्याज अखेर ताटात दिसे. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळवून देण्याची वाट उघडली. या घटनेत इतिहासाचा एक धडा आहे. ताटातले अन्न बिघडते तेव्हा दोष प्रत्येक वेळी हाताचा नसतो. अनेकदा तो हिशेबाचा असतो. खाणाऱ्याने तक्रार केली आणि शिजवणारीने कारण सांगितले, म्हणून तो हिशेब उघडा पडला.

९/१५
तक्रार ऐकणारेच कुणी नसेल तर काय घडते, याचे उदाहरणही मुंबईतच सापडते. मात्र त्यासाठी १९४६ मध्ये मागे जावे लागते. कुलाब्याला ‘तलवार’ ही रॉयल इंडियन नेव्हीची संदेशवहन प्रशिक्षण संस्था होती. तिथल्या हिंदी नौसैनिकांना मिळणारे जेवण निकृष्ट असे. गोऱ्यांच्या तुलनेत पगार कमी, वागणूक अपमानाची, आणि तक्रार करावी तर तिथला प्रमुख अधिकारी किंग हाच शिवीगाळ करणारा. भिंतींवर घोषणा रंगवल्याबद्दल बलाईचंद्र दत्त यांना फेब्रुवारीच्या आरंभी अटक झाली होती. १८ फेब्रुवारीच्या सकाळी नौसैनिकांनी नाश्ता नाकारला. ‘अन्न नाही तर काम नाही’ ही त्यांची घोषणा होती.

१०/१५
हा संप काही दिवसांतच ७८ जहाजे, २० किनारी आस्थापना आणि सुमारे वीस हजार नौसैनिकांपर्यंत पोचला. एम. एस. खान आणि मदन सिंग यांच्या नेतृत्वाखाली संप समिती बनली. चांगल्या अन्नाच्या मागणीशेजारी आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणणे या मागण्या आल्या. मुंबईचे कामगार रस्त्यावर उतरले, गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले, आणि सरदार पटेलांच्या सल्ल्यानंतर २३ फेब्रुवारीला नौसैनिकांनी शरणागती पत्करली. हा उठाव केवळ जेवणासाठी झाला असे म्हणणे चूक ठरेल. पण अन्नाची तक्रार ही माणसाने आपल्या किमतीविषयी विचारलेला प्रश्न असते, हे त्याने दाखवून दिले.

११/१५
स्वातंत्र्यानंतर या प्रश्नाला कायद्याने उत्तर देण्याचा प्रयत्न झाला. १९५४ मध्ये अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा आला. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सामान्य माणसासाठी जिल्हा पातळीवर दाद मागण्याची सोय केली. २००६ च्या अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याने जुने विखुरलेले नियम एका प्राधिकरणाखाली आणले आणि अन्न विकणाऱ्याला परवाना किंवा नोंदणी बंधनकारक झाली. या साऱ्यांमागे एक गृहीत होते: अन्न विकणारा कुठल्यातरी ठरलेल्या जागी बसलेला आहे आणि त्याच्या दारावर पाटी आहे. पुढच्या दशकात हेच गृहीत डळमळले.

१२/१५
२००८ मध्ये दिल्लीत दीपिंदर गोयल आणि पंकज चढ्ढा यांनी उपाहारगृहांची मेनूकार्डे एकत्र दाखवणारे ‘फूडीबे’ हे संकेतस्थळ सुरू केले. त्याचेच पुढे ‘झोमॅटो’ झाले. २०१४ मध्ये बंगळुरूत ‘स्विगी’ने खाणे घरपोच देण्यास आरंभ केला. पुण्यात रोल विकत वाढलेल्या ‘फासोस’ने तर वेगळीच वाट धरली. एकाच स्वयंपाकघरातून निरनिराळ्या नावांनी बिर्याणी, पिझ्झा आणि रोल निघू लागले. तिच्या ‘बेहरूझ’ बिर्याणीच्या जाहिरातीत एका लोप पावलेल्या राज्याची आणि तिथल्या शाही पाककृतीची कथा आहे. इतिहासाच्या नकाशावर ते राज्य शोधू नये. ती जाहिरातीची कल्पना आहे. पाटी, बैठक आणि गल्ला नसलेले स्वयंपाकघर आता केवळ नावावर चालू शकत होते.

१३/१५
मग उत्तरदायी कोण? २०१८ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने बिनपरवाना उपाहारगृहे यादीतून काढण्यास सांगितले, तेव्हा विविध अ‍ॅपवरून दहा हजारांहून अधिक नावे उतरवावी लागली. उपाहारगृहांचीही गाऱ्हाणी होती. आपल्याकडून कोण मागवते हे अ‍ॅप आपल्याला कळू देत नाही, ही त्यांतली एक. त्यांच्या संघटनेच्या तक्रारीवरून एप्रिल २०२२ मध्ये स्पर्धा आयोगाने झोमॅटो आणि स्विगी यांच्या चौकशीचा आदेश दिला. म्हणजे खाणाऱ्याला शिजवणारा दिसत नाही आणि शिजवणाऱ्याला खाणारा. गिरणगावातली बाई आपल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नावाने ओळखत होती.

१४/१५
दोघांना दिसतो तो एकच माणूस: पिशवी घेऊन दाराशी उभा असलेला. त्यामुळे राग त्याच्या वाट्याला येतो, मग स्वयंपाक कुणीही बिघडवलेला असो. जुने दंडकही त्याच्यापाशीच पुन्हा डोके वर काढतात. जुलै २०१९ मध्ये जबलपूरच्या एका ग्राहकाने डिलिव्हरी करणारा हिंदू नाही म्हणून मागणी रद्द केली. मार्च २०२४ मध्ये शाकाहारी जेवणासाठी हिरव्या गणवेशातला वेगळा ताफा जाहीर झाला. तेव्हा मांसाहार पोचवणारे वेशावरून ओळखू येतील आणि त्यांना सोसायट्यांत अडवले जाईल, अशी भीती व्यक्त झाली. वेगळा गणवेश दुसऱ्याच दिवशी मागे घेतला गेला. डबेवाल्यावर शहराने विश्वास टाकला होता, कारण तो वर्षानुवर्षे त्याच दारी येणारा ओळखीचा माणूस होता. आज दाराशी येणारा तरुण रोज नवा असतो, आणि त्याच्याविषयीचे मत तारे मोजून दिले जाते.

१५/१५
मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि तिच्याबरोबर डबेही थांबले. पुष्कळ डबेवाले गावी परतले. खाणे घरपोच देणे मात्र अत्यावश्यक म्हणून चालू राहिले. त्याच वर्षीच्या जुलैत ई-वाणिज्याचे ग्राहक संरक्षण नियम लागू झाले. त्यांनुसार प्रत्येक मंचाला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचा निकाल लावावा लागतो. कायद्याच्या दृष्टीने हे मोठेच पाऊल आहे. परंतु पैसे परत मिळाले, तरी आमटी खारट का झाली हे सांगणारे आणि उद्या मीठ कमी घालणारे कुणी भेटेलच असे नाही. डब्याच्या झाकणावर दोन ठिकाणे रंगवलेली असत: जायचे ते आणि परत यायचे ते. आजच्या खोक्यावर फक्त जाण्याचा पत्ता असतो.