कोळवणातील पाणपक्षी

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणारा प्रवासी आसनगावापाशी माहुलीचे सुळके पाहतो आणि हा सारा मुलूख डोंगर व अरण्य यांचाच आहे असे समजून पुढे निघून जातो. जुन्या काळी कोळवण म्हणून ओळखला जाणारा शहापूर तालुका काय किंवा नाणेघाटाच्या प्राचीन व्यापारी मार्गावरील मुरबाड काय, नावाजण्यासारखे नैसर्गिक सरोवर या दोहोंतही नाही. सह्याद्रीवर कोसळलेला पाऊस भातसा, काळू, शाई या नद्यांतून वेगाने वाहून जातो. म्हणून बगळे, शराटी, शेकाट्या, तुतारी, पाणलावे अशा, उथळ पाण्यात पाय रोवून भक्ष्य टिपणाऱ्या पक्ष्यांना येथे जी जागा लाभली ती मनुष्याच्या श्रमांनी घडविलेली आहे, आणि त्यांचा इतिहास लिहावयाचा तर तो भातखाचरापासूनच आरंभिला पाहिजे.

डोंगरउतारावर दगडमातीचे बांध घालून, पाणी पायरीपायरीने अडवून, राब भाजून, मृगात रोपे करून आणि गुडघाभर चिखलात आवणी करून येथील कुणबी, ठाकर व महादेव कोळी यांनी जे खाचर पिढ्यान्‌पिढ्या राखले, ते चार महिने एक विस्तीर्ण उथळ तळेच असते. पहिल्या पुराबरोबर अंडी घालण्यासाठी मासे ओढ्यांतून वर चढू लागतात. त्या चढणीस कोकणात वलगण म्हणतात, आणि वलगणीच्या रात्री ज्या बांधावर कातकरी मासे धरतो त्याच बांधावर सकाळी भुरा बगळा उभा असतो, विणीच्या दिवसांपुरती त्याची मातकट पाठ गर्द तांबूस झालेली असते. नांगरामागून चालणारा गायबगळाही तेव्हा केशरी झालेला असतो. आफ्रिका व आशिया येथील हा पक्षी गेल्या दीडशे वर्षांत अमेरिका खंडातही जाऊन स्थिरावला, आणि तेथेही त्याने गुरांची सोबत सोडली नाही. सर्वांत लक्षणीय मात्र रंगीत पाणलावा. त्याच्या जातीत अधिक सुंदर वर्ण मादीला मिळालेला असून अंडी उबविणे व पिले वाढविणे ही कामे नराकडे असतात, आणि दाट, ओलसर गवताच्या आडोशाला हा संसार इतक्या निःशब्दपणे चालतो की बांधावरून रोज जाणाऱ्यालाही त्याचा पत्ता लागू नये. पुढे हळवे भात कापले जाते, गरवे पिवळे पडते, ओलीवर वाल पेरला जातो, आणि उत्तर आशियातून आलेल्या तुतारीच्या जाती उरल्यासुरल्या डबक्यांच्या काठी शेपटी हलवीत फिरू लागतात.

या पक्ष्यांची लेखी दखल फार उशिरा घेतली गेली, आणि ती प्रथम बंदुकीने व व्यापाराने घेतली. इंग्रजी अमदानीत हिवाळी फिरतीवरील साहेबांना कापणीनंतरच्या खाचरांतील पाणलाव्याची शिकार विशेष प्रिय होती. विलायतेत स्त्रियांच्या टोप्यांसाठी बगळ्यांच्या विणीच्या पिसांना एवढी मागणी होती की १९०२ साली हिंदुस्थान सरकारला पिसांची निर्यात बंद करावी लागली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग व डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन वैद्य होते, ही गोष्ट मराठी वाचकाने अभिमानाने स्मरावी अशी आहे. परंतु सालिम अली व हुमायून अब्दुलअली यांनी १९३६ पासून सोसायटीच्या नियतकालिकात जी मोलाची पक्षिसूची प्रसिद्ध केली, तिची मर्यादा मुंबई व साष्टी एवढीच होती. खाडीपलीकडचे कोळवण त्या सूचीच्या बाहेर राहिले.

कोळवणाकडे मुंबईचे लक्ष गेले ते पाण्यासाठी. विहार व तुळशी हे तलाव अपुरे पडले, तेव्हा शहापूर तालुक्यात तानसा नदी अडविण्यात आली व १८९२ साली ते धरण पुरे झाले; १९५७ मध्ये वैतरणेवर मोडकसागर झाला, नंतर भातसा व मध्य वैतरणा ही धरणे उभी राहिली, आणि मुरबाडच्या बाजूस औद्योगिक विकास महामंडळाचे बारवी धरण आले. एवढे पाणी साचले म्हणजे पाणपक्ष्यांचा सुकाळ झाला असेल, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. भरलेल्या जलाशयाचे काठ उभे व पाणी खोल असते, तेथे पाणकावळा सुखी राहील, पण शेकाट्याला टेकायला जागा नसते. माघ-फाल्गुनात पातळी उतरून चिखल उघडा पडला म्हणजेच चिखलपायी पक्ष्यांचे थवे फुगवट्याच्या टोकाशी दिसतात. शिवाय या धरणांखाली बुडाली ती खोऱ्यांच्या तळाची खाचरे, म्हणजे माणसाची व बगळ्याची सारखीच उत्तम जमीन. मुंबईला पाणी पाजणाऱ्या याच तालुक्यातील पाड्यांवर चैत्र-वैशाखात स्त्रिया टँकरची वाट पाहतात. पक्ष्यांविषयी लिहिताना हे न लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

१९७० मध्ये तानसा अभयारण्य घोषित झाले, पण अभयारण्य वृक्षांचे रक्षण करते. खाचर खाजगी सातबाऱ्यावर असते, आणि ते विकले गेले की बांध फुटतो, भराव पडतो, शेतघरे उठतात. रोहित पक्ष्यांच्या आशेने माळशेज चढून जाणारे हौशी लोक मुरबाडच्या या पडीक खाचरांजवळूनच गाड्या नेतात. माझ्या मते येथील पक्ष्यांचा सर्वांत विश्वसनीय जुना दस्तऐवज महसूल दफ्तरातच आहे. ठाण्याच्या जमाबंदीने भातजमीन व वरकस निराळी लिहिली, आणि गाव नमुना बारामध्ये पीकपाहणी नोंदली जाते. ज्या साली ज्या तुकड्यात भात लागले तेथे त्या साली उथळ पाणी होते, आणि पाणी होते तेथे बगळा होता असे मानण्यास मोठी अडचण नाही. आज दुर्बीण घेऊन हिंडणाऱ्या तरुणांनी आपल्या नोंदींशेजारी गावोगावचे हे नमुने मांडले, तर कोणत्या शिवारातून भात केव्हा गेले व त्यापाठोपाठ कोणता पक्षी दिसेनासा झाला, हे सांगणारा पहिला तक्ता शहापूर-मुरबाडचाच तयार होऊ शकेल.