नाट्यवाचन म्हणजे काय? स्थानिक नाटककाराच्या नव्या संहितेला पहिले श्रोते मिळवून देणारी पद्धत

नाट्यवाचन म्हणजे कलाकारांनी संहिता हातात धरून प्रेक्षकांसमोर केलेलं नाटकाचं वाचन. यात नेपथ्य, वेशभूषा, पाठांतर यांपैकी काही नसतं. खुर्च्या, पुरेसा उजेड आणि वाचणारे सहा-सात जण एवढ्यावर काम भागतं. वाचन संपलं की नाटककार, कलाकार आणि श्रोते एकत्र बसून बोलतात. नाटक उभं राहण्याआधी ते कानावर कसं पडतं, कुठे रेंगाळतं, कुठे हसू येतं आणि कुठे श्रोता चुळबुळ करू लागतो, हे तपासणं हा त्यामागचा उद्देश असतो.

बेळगाव, निपाणी, खानापूर, कारवारपासून गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबादपर्यंत मराठी नाटकाला प्रेक्षक आहे आणि हौशी कलाकारही आहेत. त्या मानाने याच गावांतल्या लेखकांनी लिहिलेली नवी नाटकं रंगमंचावर कमी दिसतात. हे अंतर कमी करण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे नाट्यवाचन.

अभिवाचन, नभोनाट्य आणि नाट्यवाचन

हे तिन्ही शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात, पण त्यांत फरक आहे. अभिवाचन हा स्वतःत पूर्ण असा कार्यक्रम असतो. कथा, पत्रं, कविता किंवा गाजलेल्या नाटकातले प्रवेश निवडून ते रंगवून वाचले जातात. पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाई यांनी बा. भ. बोरकर आणि बा. सी. मर्ढेकर यांच्या कवितांचे केलेले वाचनाचे कार्यक्रम त्याचं ठळक उदाहरण. नभोनाट्य रेडिओसाठी लिहिलं जातं आणि त्यात ध्वनीच सगळं सांगतो.

नाट्यवाचनात संहिता रंगमंचासाठीच लिहिलेली असते, पण ती अजून पक्की झालेली नसते. श्रोत्याला बोलावलं जातं ते पूर्ण झालेली गोष्ट दाखवायला नव्हे, तर काम चालू असलेलं ऐकवायला. हे आधीच सांगितलं नाही तर श्रोता प्रयोगाची अपेक्षा घेऊन येतो आणि निराश होऊन जातो. त्यामुळे निमंत्रणातच ‘नव्या संहितेचं वाचन आणि चर्चा’ असं स्पष्ट लिहावं.

पद्धत जुनीच, श्रोता बदलला

मराठी रंगभूमीला नाटक वाचून दाखवणं नवं नाही. नाटक मंडळ्यांच्या काळात लेखक नवं नाटक घेऊन मंडळीच्या मालकाकडे जात असे आणि मालक व प्रमुख नट यांच्यासमोर ते वाचून दाखवत असे. नाटक घ्यायचं की नाही, कुणाला कोणती भूमिका द्यायची, पदं कुठे घालायची, हे त्या बैठकीत ठरे. पुढे हौशी संस्थांमध्येही तालमीची सुरुवात वाचनानेच होत राहिली. मात्र हे वाचन बंद दाराआड होतं. ऐकणारा एक तर नाटक विकत घेणारा असे, नाही तर त्यात काम करणारा.

जाहीर वाचनात तिसरा माणूस आला, तो म्हणजे प्रेक्षक. परदेशात या पद्धतीला संस्थेचं रूप मिळालं. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात १९६४ साली जॉर्ज व्हाइट यांनी यूजीन ओ’नील थिएटर सेंटर सुरू केलं. तिथल्या नाटककार परिषदेत निवडक नवी नाटकं हातात संहिता घेऊन वाचली जातात. दरम्यान लेखक रोज बदल करत असतो. ऑगस्ट विल्सन यांचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ १९८२ साली या परिषदेत वाचलं गेलं आणि १९८४ मध्ये रंगमंचावर आलं.

महाराष्ट्रात पुण्याच्या थिएटर अकॅडमीने १९८० च्या दशकात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नाटककारांसाठी योजना राबवली. सतीश आळेकर यांचा त्यात पुढाकार होता. नव्या लेखकाला एकट्याने लिहीत बसू न देता त्याच्या संहितेवर इतरांसोबत काम व्हावं, हा विचार त्यामागे होता.

संहिता लेखकाच्या टेबलावर पूर्ण होत नाही याचं मराठीतलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’. आज हे नाटक ज्या स्वगतासाठी ओळखलं जातं, ते लीला बेणारेचं शेवटचं स्वगत दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांच्या आग्रहामुळे तालमीच्या काळात लिहिलं गेलं. नाटक लोकांच्या तोंडी आल्यावर त्यात काय कमी आहे ते कळलं.

महाराष्ट्राबाहेर गरज जास्त का?

संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर आजच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. गोव्यात देवळांच्या उत्सवांत नाटक करण्याची परंपरा आजही चालू आहे आणि कला अकादमीच्या मराठी नाट्यस्पर्धेने गावोगावच्या पथकांना व्यासपीठ दिलं आहे. ग्वाल्हेरची आर्टिस्ट कंबाइन ही जुनी हौशी नाट्यसंस्था आहे. इंदूरमध्ये सानंद न्यास सभासद प्रेक्षकांसाठी नियमितपणे मराठी नाटकं आणतो. म्हणजे परंपराही आहे आणि प्रेक्षकही.

अडचण नव्या संहितेची आहे. हौशी संस्था वर्षाला एखादं-दुसरं नाटक करते. सभागृहाचं भाडं, नेपथ्य, प्रकाशयोजना, तालमींचा चहा-नाश्ता, प्रवास हा सगळा खर्च वर्गणीतून निघतो. त्यात कुणी न पाहिलेलं, गावातल्याच माणसाने लिहिलेलं नाटक निवडणं म्हणजे जोखीम. म्हणून मुंबई-पुण्यात गाजलेली छापील संहिता निवडली जाते. स्थानिक लेखकाचं नाटक कपाटात राहतं. एक-दोन नाटकं अशी पडून राहिली की तो लिहायचं सोडतो आणि मग ‘आपल्याकडे लेखकच नाहीत’ असं म्हणायला सगळे मोकळे होतात.

वाचनाने ही जोखीम लहान होते. चार-पाच तालमी, वाचनालयाचं सभागृह आणि झेरॉक्सचा खर्च एवढ्यात नाटकाची पहिली परीक्षा होते. नाटक जमलं नाही तरी संस्थेचं वर्ष वाया जात नाही. जमलं, तर ते उभं करायला तयार झालेले कलाकार आणि ते पाहायला उत्सुक असलेले पन्नास-साठ प्रेक्षक आधीच हाताशी असतात.

बोलीची परीक्षा

स्थानिक नाटकासाठी वाचनाचा सर्वांत मोठा उपयोग भाषेच्या बाबतीत होतो. बेळगावच्या मराठीला कन्नडचा हेल आहे. पु. लं.च्या ‘रावसाहेब’मुळे तो महाराष्ट्राला ठाऊक झाला, पण बहुतेकांना तो विनोदापुरताच आठवतो. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठीत हिंदीचे शब्द आणि वाक्याचा बाज सहज येतो. हैदराबादेत दख्खनी उर्दू, वडोदऱ्यात गुजराती, गोव्यात कोकणी ही शेजारीण घरातच वावरते.

लेखक लिहायला बसला की अनेकदा ही घरची भाषा पुसून टाकतो आणि पात्रं छापील पुणेरी मराठीत बोलू लागतात. कागदावर ते खटकत नाही. पण टिळकवाडीतल्या किंवा खानापुरातल्या आजीच्या तोंडी ते वाक्य मोठ्याने वाचलं गेलं की श्रोत्यांतलं कुणीतरी हसतं, आणि ते हसू दाद देणारं नसतं. उलटंही होतं. लेखकाने बोली इतकी दाट लिहिलेली असते की वाचणाराच अडखळतो. कोणता शब्द ठेवायचा, कुठे दुसऱ्या भाषेतलं अख्खं वाक्य येऊ द्यायचं आणि त्याचा अर्थ पुढच्या संवादातून कसा पोहोचवायचा, हे कानाने ठरतं. अशा वाचनाला त्या गावात वाढलेले आणि बाहेरून येऊन राहिलेले असे दोन्ही प्रकारचे श्रोते असावेत. गाववाल्याला बोली खोटी वाटते का आणि बाहेरच्याला अर्थ लागतो का, हे दोन्ही एकाच संध्याकाळी कळतं.

वाचन कसं बसवायचं?

जाहीर वाचनाआधी दोन पायऱ्या असतात. पहिली, लेखकाने दोघा-तिघांसमोर स्वतः केलेलं वाचन. दुसरी, कलाकारांनी टेबलाभोवती बसून केलेलं वाचन, ज्यात उच्चार, अर्थ आणि पात्रांची नाती स्पष्ट होतात. त्यानंतर दोन-तीन तालमी पुरतात. जास्त तालमी केल्या तर कलाकार संहितेतल्या उणिवा अभिनयाने झाकायला लागतात आणि मूळ हेतूच हरवतो.

व्यवहारात उपयोगी पडणाऱ्या काही गोष्टी:

• संहिता मोठ्या टाइपात आणि कागदाच्या एकाच बाजूला छापावी. पानांना क्रमांक हवेतच.
• प्रत्येकाने आपले संवाद आधी रंगवून ठेवावेत. एकाने दोन भूमिका वाचायच्या असतील तर त्या दोघांचा आमनेसामने प्रवेश नसावा.
• कंसातल्या रंगसूचना वाचायला वेगळा माणूस ठेवावा. सगळ्या सूचना वाचायच्या नसतात. ‘रागाने’, ‘हसत’ हे अभिनयात येतं. ‘दार लावून घेतो’, ‘पत्र फाडतो’ हे सांगावं लागतं.
• खुर्च्या अर्धवर्तुळात मांडाव्यात. प्रवेशात नसलेल्या कलाकाराने मान खाली घालून बसावं, म्हणजे कोण कुठे आहे हे प्रेक्षकाला समजतं.
• लेखकाने स्वतः भूमिका वाचू नये. त्याने मागे बसून श्रोत्यांकडे पाहावं आणि लोक कुठे हलले, कुठे खोकले, कुठे हसले ते संहितेच्या समासात टिपावं.
• प्रत्येक अंकाची वेळ घड्याळ लावून नोंदवावी. प्रयोगात हालचालींमुळे ती वाढणार, हे गृहीत धरावं.

चर्चा कशी व्हावी?

वाचनाइतकीच चर्चा महत्त्वाची आहे आणि बिघडते तीच. एखादे ज्येष्ठ रसिक उठून ‘मी असतो तर शेवट असा केला असता’ असं सांगायला लागतात, लेखक खुलासे द्यायला लागतो आणि अर्धा तास दोघांतच जातो. म्हणून सूत्रधार हवा आणि क्रम ठरलेला हवा.

अमेरिकी नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी मांडलेली चार पायऱ्यांची पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. आधी श्रोत्यांनी काय लक्षात राहिलं, काय भिडलं ते सांगायचं. मग लेखकाने आपले प्रश्न विचारायचे. तिसऱ्या पायरीत श्रोत्यांनी प्रश्न विचारायचे, पण त्यांत मत दडलेलं नसावं. ‘मुलगा घर का सोडतो, हे कधी ठरलं?’ हा प्रश्न झाला, ‘मुलाचं घर सोडणं पटत नाही’ हे मत. शेवटी, लेखकाची तयारी असेल तरच मतं मांडायची. गावात सगळे एकमेकांच्या ओळखीचे असतात. तोंडावर नुसतं कौतुक आणि घरी जाताना खरी मतं, असं होऊ नये म्हणून हा क्रम विशेष कामाला येतो. बोलायला संकोच वाटणाऱ्यांसाठी कोऱ्या चिठ्ठ्या ठेवल्या तरी चालतात.

हक्क आणि परवानगी

नाटक लिहून झालं की त्याचा कॉपीराइट लेखकाकडे आपोआप येतो. भारतीय कायद्यानुसार त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हा हक्क टिकतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये हौशी संस्थेने तिकीट न लावता केलेल्या प्रयोगाला सवलत आहे. पण त्या सवलतीच्या आधारे वाचनाचं चित्रीकरण करून ते यूट्यूबवर टाकता येतं, असं समजू नये. नव्या, अप्रकाशित नाटकाच्या बाबतीत लेखकाची लेखी संमती घ्यावी. वाचनानंतर प्रती परत घ्याव्यात आणि चर्चेत कुणी सूचना केली म्हणून तो सहलेखक ठरत नाही, हे आधीच स्पष्ट असावं.

सार्वजनिक प्रयोगांचे नियम राज्यानुसार बदलतात. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. कर्नाटकातल्या संस्थेने सीमा ओलांडून चंदगड किंवा कोल्हापुरात नाटक न्यायचं ठरवलं, तर हे काम आधी करावं लागतं. स्पर्धेत पाठवायच्या संहितेबाबत नियमावलीत ‘यापूर्वी सादर न झालेली’ अशी अट असेल, तर जाहीर वाचन त्यात मोडतं का, हे आयोजकांना विचारून घ्यावं.

मर्यादा

वाचनात संवादप्रधान नाटक उजळून निघतं आणि हालचालींवर, शांततेवर किंवा दृश्यांवर उभं असलेलं नाटक फिकं पडतं. दशावतारी बाजाचं किंवा गाण्या-नाचाचं नाटक नुसतं वाचलं तर त्यावर अन्याय होतो. तिथे एखादा प्रवेश उभा करून दाखवणं बरं. दुसरा धोका म्हणजे वाचनावरच थांबणं. चर्चा झाली, फोटो छापून आले, लेखकाला शाल-श्रीफळ मिळालं आणि नाटक पुन्हा कपाटात गेलं, तर हाती काही लागत नाही.

म्हणून वाचन ठरवतानाच पुढची तारीख ठरवावी. लेखकाला दुरुस्तीसाठी दोन-तीन महिने द्यावेत, सुधारलेल्या संहितेचं दुसरं वाचन शेजारच्या गावातल्या संस्थेकडे ठेवावं आणि त्यानंतर प्रयोग करायचा की नाही याचा निर्णय घ्यावा. बेळगावचं नाटक फोंड्यात आणि इंदूरचं नाटक वडोदऱ्यात वाचलं गेलं, तर दोन गावांतल्या लेखकांची ओळख होते आणि भाड्याने ट्रक करून नेपथ्य न्यावं लागत नाही. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २७ मार्चचा जागतिक रंगभूमी दिन आणि ५ नोव्हेंबरचा मराठी रंगभूमी दिन या तारखांना बहुतेक मंडळं काही ना काही कार्यक्रम करतातच. त्यांपैकी एक संध्याकाळ गावातल्या लेखकाच्या नव्या नाटकासाठी राखून ठेवली, तरी वर्षाला प्रत्येक केंद्रात निदान एक नवी संहिता लोकांच्या कानावर पडेल.