एका सामायिक थैलीची कुळकथा

शांतता करारावर सह्या होतात, पण पहिल्या तारखेला शिक्षकांचा पगार कोण करणार? 1993 च्या ऑस्लो करारानंतर उभ्या राहू लागलेल्या पॅलेस्टिनी प्रशासनापुढे हाच पेच होता. देणगीदार देश रस्ते-इमारतींसाठी पैसे द्यायला राजी होते. पगार आणि दैनंदिन खर्चासाठी मात्र हात आखडता घेत. त्यातून 1994 मध्ये जागतिक बँकेच्या देखरेखीखाली होल्स्ट फंड निघाला. ऑस्लो वाटाघाटींत मोलाची भूमिका बजावलेले नॉर्वेचे परराष्ट्रमंत्री योहान योर्गेन होल्स्ट त्याच वर्षी जानेवारीत वारले होते. त्यांचेच नाव या फंडाला मिळाले. अनेक देशांचा पैसा एका थैलीत आणि हिशेब एकाच ठिकाणी, अशी ही व्यवस्था होती.

पुढे 1999 च्या जाळपोळीत बेचिराख झालेल्या पूर्व तिमोरलाही अशाच निधीने हात दिला.

या घराण्याचा सर्वांत मोठा वारस 2002 मध्ये काबूलला जन्मला: अफगाणिस्तान पुनर्रचना न्यास निधी. त्याची पगारासाठीची पद्धत कडक होती. आधी सरकारने खर्च करायचा, मग स्वतंत्र तपासनिसाने कागद पडताळायचे आणि नियमात बसेल तेवढ्याच रकमेची भरपाई मिळायची. याच निधीच्या आधाराने ‘राष्ट्रीय एकता कार्यक्रम’ वाढला. गावाने गुप्त मतदानाने परिषद निवडायची, विहीर हवी की छोटे जलविद्युत केंद्र हे स्वतः ठरवायचे. कुटुंबामागे 200 डॉलर या हिशेबाने अनुदान मिळे. पाचशे गावांच्या अभ्यासात पिण्याचे पाणी आणि वीज यांत सुधारणा दिसली.

दक्षिण सुदानमध्ये मात्र हीच थैली अडली. 2005 च्या शांतता करारानंतर तिथे निधी स्थापन झाला, पण नवख्या प्रशासनाला जागतिक बँकेचे खरेदीचे नियम पेलेनात. पैसा पडून राहिला, लोक दवाखान्याची वाट पाहत राहिले आणि काही देणगीदारांनी वेगळी वाट धरली.

ऑगस्ट 2021 मध्ये तालिबानने काबूल घेतले आणि अफगाण निधीतून होणारे वाटप थांबले. डिसेंबरमध्ये देणगीदारांनी त्यातले 28 कोटी डॉलर युनिसेफ आणि जागतिक अन्न कार्यक्रमाकडे वळवले. सरकार कोसळल्यावरही थैली शाबूत राहिली, म्हणूनच ही मदत लोकांपर्यंत नेता आली. पण दक्षिण सुदानने दाखवले तसे नुसती थैली पुरत नाही; पैसा एकत्र करण्याबरोबरच तो खर्च करणारी माणसे आणि यंत्रणा घडवणे, हे देणगीदारांनी पहिल्या दिवसापासूनचे काम मानले पाहिजे.