ओल्या पीटभूमीतील शेती
पीटभूमी पाण्याने भिजलेली ठेवून किंवा निचरा झालेली पुन्हा भिजवून तीवर पिके घेण्याची पद्धत. ही संकल्पना विसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड विद्यापीठात मांडली गेली. जगातील भूभागाचा सुमारे ३ टक्के भाग व्यापणाऱ्या पीटभूमीत (पहा : पीट) जगातील जंगलांच्या जैवभारापेक्षा अधिक कार्बन साठलेला आहे. चर खणून पाणी काढल्यास पीट हवेच्या संपर्कात कुजते, जमीन खचते व कार्बन डाय-ऑक्साइड सुटतो. म्हणून या शेतीत पाण्याची पातळी वर्षभर पृष्ठभागालगत राखणे ही निर्णायक अट असून फक्त जमिनीवरची वाढ कापली जाते. नळ छपरांसाठी, पाणकणीस उष्णतारोधक फलकांसाठी, तर स्फॅग्नम शेवाळ (पहा : शेवाळी) रोपवाटिकांत उपयोगी पडते. जर्मनीतील मालखिन येथे २०१४ पासून ओल्या कुरणांतील गवत जाळून घरांना ऊब पुरवली जाते. कापणी उशिरा केल्यास खुल्या दलदलीत घरटी करणाऱ्या, संकटग्रस्त ॲक्वॅटिक वॉर्बलर या वटवट्याचा अधिवास टिकतो. अखंड नैसर्गिक दलदलीची जागा मात्र ही शेती घेऊ शकत नाही.