पाठ आहे, पण कळत नाही

गेल्या शनिवारी इथे बेंगळुरूत घराखालच्या दुकानात नारळ घेत होतो. दुकानदाराने कन्नडमध्ये काहीतरी विचारलं आणि मला ओ की ठो कळलं नाही. गंमत म्हणजे कन्नडमधलं एक अख्खं गाणं मला पाठ आहे!

सहावीत असताना सांगलीत गॅदरिंगला आम्ही चाळीस-पन्नास पोरांनी ते म्हटलं होतं. पाच भाषांतली पाच गाणी, 'विविधतेतील एकता' वगैरे. टाळ्या कडकडून पडल्या. अर्थ मात्र कुणालाच माहीत नव्हता. म्हणजे, एकाला होता. आमच्या वर्गातला एक मुलगा जत तालुक्यातला, घरी कानडी बोलणारा. तालमीत तो म्हणाला, "दोन शब्द चुकतायत." आम्ही खो खो हसलो. सर म्हणाले, "तू फक्त सूर सांभाळ." तो गप्प बसला तो बसलाच.

परवापासून हे डोक्यात घोळतंय, म्हणून जरा वाचलं. वर्गात एकत्र बसून गाणं शिकणं ही तशी जुनी गोष्ट नाही. आपलं शास्त्रीय गाणं म्हणजे गुरूसमोर बसून शिकायची विद्या. विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवांकडे तसेच शिकले. पण १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं चक्क वर्गात आणलं. स्वरलिपी, पुस्तकं, सगळ्यांना एकदम धडा!

पुढे १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दल उभं राहिलं, एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली. तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता. सातारा फोडून १९४९ मध्ये दक्षिण सातारा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. दलाच्या शाखांवर सगळ्या जातिधर्मांची मुलं-मुली एकत्र खेळायची, गायची. त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. दलाच्या कलापथकासाठी गाणी लिहिणारे वसंत बापट आपल्या कराडचे. 'महाराष्ट्र दर्शन', 'भारत दर्शन' असे कार्यक्रम कलापथकाने केले. आमच्या गॅदरिंगची कल्पना अशाच कुठून तरी झिरपत आली असणार.

पण या सगळ्यामागे साने गुरुजी होते, आणि इथेच मी अडकलो. गुरुजी त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते, तेव्हा तिथल्या सोबत्यांकडून तमिळ शिकले आणि त्यांनी 'कुरल' मराठीत आणलं. १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात त्यांनी 'आंतरभारती'ची कल्पना मांडली. अध्यक्ष होते इस्लामपूरचे आचार्य शं. द. जावडेकर. कल्पना अशी, की प्रांतोप्रांतीच्या मुलांनी एकत्र राहून एकमेकांच्या भाषा शिकायच्या. पुढच्याच वर्षी, ११ जून १९५० ला गुरुजी गेले.

म्हणजे बघा, गुरुजींना भाषा शिकणं हवं होतं. आम्ही फक्त चाल उचलली.

पाश्चात्त्य कॉयरमध्ये निदान चार आवाज चार वेगळ्या ओळी धरतात. आपल्या समूहगानात सगळे एकाच सुरात. त्याचे फायदे आहेत. बेसूर पोरगंही त्यात खपून जातं, लाजाळू पोराला धीर येतो. मी स्वतः त्याच जोरावर स्टेजवर उभा राहिलो. फक्त त्या एका सुरात कुणाचा आवाज बुडतोय, हेही बघायला हवं होतं. जिथे कानडी गाणाऱ्यांचं कौतुक झालं, तिथेच कानडी बोलणाऱ्याला हसलो.

रविवारी त्याला फोन लावला. गाण्याचा अर्थ विचारला. तर ते पेरणीचं गाणं निघालं! आणि आम्ही ते मुठी आवळून, कवायतीच्या ठेक्यात म्हटलं होतं. तेव्हाच्या हसण्याबद्दल सॉरी म्हणालो. तो जरा थांबला. म्हणाला, "लेका, सोळा वर्षांनी?" मग ते दोन शब्द माझ्याकडून चार वेळा म्हणवून घेतले. चौथ्यांदा पास झालो.

पुढच्या शनिवारपासून कन्नडचा क्लास लावलाय. बघू किती टिकतो ते!